मोगॅम्बोचं टायपिंग

नेरूळला 'ज्वेल ऑफ नवी मुंबई'च्या तळ्याकाठी संध्याकाळी लोक चालायला येतात. माझा भाचा आणि त्याचे तीन मित्र बसायला येतात. बाकावर बसून ते खलनायकांच्या पूर्वायुष्याचं संशोधन करतात. अनुदान नाही, गाईड नाही, पदवीची आशा नाही. तरी एक दिवस खाडा नाही.

सध्या प्रकरण मोगॅम्बोचं आहे. 'मिस्टर इंडिया' आला १९८७ साली. तेव्हा या चौघांपैकी एकाचाही जन्म झालेला नव्हता, त्यामुळे पूर्वग्रहाचा प्रश्नच नाही. सलीम-जावेदनी मोगॅम्बोला बेट दिलं, सिंहासन दिलं, क्षेपणास्त्रं दिली; बालपण तेवढं दिलं नाही. हा कुठला, आईबाप कोण, हिंदुस्थानावर राग कशाचा, अवाक्षर नाही. तुम्हीआम्ही म्हणू, लेखकांना गरज वाटली नसेल. बाकावर मात्र याला पुरावा म्हणतात. दाखवलं नाही म्हणजे दडवलं, आणि दडवलं म्हणजे आहेच.

भाच्याचा सिद्धांत बोटांवर उभा आहे. सिंहासनाशेजारच्या काचेच्या गोळ्यावर मोगॅम्बोची बोटं टकटक वाजतात. आपण इतकी वर्षं ते पाहिलं आणि नुसते घाबरलो. भाच्यानं तोच प्रसंग पाव वेगानं चालवला, वहीत बोटांचा क्रम मांडला आणि निकाल दिला, "मामा, हे टायपिंग आहे." पुढची जोडणी अशी: अमरीश पुरींनी सिनेमात जम बसण्याआधी वीसेक वर्षं कर्मचारी राज्य विमा महामंडळात नोकरी केली. हे मात्र खरंच आहे. तेव्हा मोगॅम्बो म्हणजे टायपिंगच्या परीक्षेत मिनिटाला ४० शब्द न जमल्यानं बढती हुकलेला कारकून. मग माणूस देश काबीज करणार नाही तर काय करणार?

नट वेगळा, पात्र वेगळं, असं मी म्हणून पाहिलं. चौघांनी माझ्याकडे कीव येऊन पाहिलं. त्याच्या एका शब्दावर तेजाबात उड्या टाकणाऱ्या शिपायांच्या बालपणाचं काय, हेही विचारलं. ते गैरलागू ठरलं. त्यांना संवाद नाहीत.

जोकरच्या बाबतीत तर निष्ठेची कसोटीच लागते. 'द डार्क नाइट'मध्ये (२००८) तो गालावरच्या व्रणांची कहाणी एकदा बापाच्या नावावर खपवतो, एकदा बायकोच्या. कोर्टात असा साक्षीदार फितूर ठरला असता. इथं तिसरी, खरी कहाणी शोधायला दोन रविवार गेले.

थॅनोसवर मात्र सगळ्यांचं एकमत. २०१८च्या 'अ‍ॅव्हेंजर्स'मध्ये त्यानं अर्धी सृष्टी अक्षरशः चुटकीसरशी नाहीशी केली, पण गरीब-श्रीमंत भेद केला नाही. निव्वळ सोडत. सिडकोच्या घरासाठी डोमिसाईल लागतं, उत्पन्नाचा दाखला लागतो, अनामत भरावी लागते. थॅनोसनं एक झेरॉक्स मागितली नाही. असा कारभार नवी मुंबईकराला भावणारच.

या विशाल सहानुभूतीचा आपल्यालाही उपयोग व्हावा म्हणून परवा मी एक प्रकरण पुढे ठेवलं. आमच्या इमारतीतले एक गृहस्थ रोज सकाळी बरोबर साडेसहाला पाण्याचा पंप बंद करतात, भाचा अंगाला साबण लावून उभा असतानाच. म्हटलं, याच्याही मनात कुठली जुनी जखम असेल का रे?

"त्याला कसली बॅकस्टोरी?" भाचा म्हणाला. "तो मुळातच नालायक आहे."