वायफायचा पाटकरी

आमचे वडील कालव्याचं पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याला फार जपायचे. दारात पुढारी आला तरी बाजेवरून न उठणारा हा माणूस पाटकऱ्याची सायकल दिसली की घरात चहाची हाळी द्यायचा. आमचं रान पैठणच्या उजव्या कालव्याच्या टेलला. माजलगावकडं पाणी निघालं म्हणून आमची चारी भिजेलच असं नसायचं. वरच्यांनी रात्रीतून दारं मोठी केली की आमच्याकडं पाण्याचा नुसता वास यायचा.

पुढं मी मास्तर झालो आणि शाळेत वायफाय आलं. राऊटरला हात लावायला न भिणारा मी एकटाच, म्हणून पासवर्ड माझ्याकडं आला.

लाइन ४० एमबीपीएसची. सेकंदाला ४० एमबी उतरणार या आनंदात मुख्याध्यापकांनी पेढे वाटले. हे बिट आहेत, ८ नं भागा, ५ एमबीच येतील, असं मी पेढा खाऊन झाल्यावर सांगितलं.

तेवढ्यावर २६ फोन तुटून पडले. पोषण आहाराला आज किती पोरं जेवली, हा एवढासा आकडा अ‍ॅपमध्ये भरायचा. तर तो चकलीसारखा गोल गोल फिरत राही. पोरांची ताटं धुऊन व्हायची, आकडा आपला वाटेतच. सगळ्यांचा संशय यूट्यूब बघणाऱ्यांवर. ते बिचारे निदान दिसत तरी होते! खरे उपसे निराळेच. कुणाच्या भाचीच्या हळदीचे चारशे फोटो ‘गूगल फोटोज’वर चढत होते, कुणाचं प्ले स्टोअर गुपचूप अपडेट ओढत होतं, व्हॉट्सअ‍ॅपवरची सुप्रभातं आपोआप उतरत होती. सर वर्गात पाढे घेतायत आणि त्यांचा खिसा तिकडं पाणी ओढतोय.

मी पाळ्या लावल्या. यादीतल्या प्रत्येक फोनला १ एमबीपीएस, कार्यालयाच्या कंप्युटरला आधी मान, अपडेट आपापल्या घरी. आठवडाभर आकडा सुरळीत गेला. मग एका सरांना शोध लागला, की राऊटर ज्यावरून फोन ओळखतो तो मॅक पत्ता सेटिंगमध्ये जाऊन बदलता येतो. नव्या पत्त्याचं नाव यादीत नाही, म्हणून त्याला मर्यादाही नाही. सातबारा कोरा, मोटर मात्र चालू! मी अनोळखी फोनांचं दारच बंद केलं.

तेव्हापासून माझा भाव वाढला. मधल्या सुट्टीत चहा आधी माझ्याकडं येतो. ज्या बाईंनी दहा वर्षांत माझी तब्येत विचारली नव्हती, त्या परवा गुडघ्यांची चौकशी करून गेल्या. काल तर मॅकवाले सर बालाघाटातली सीताफळं घेऊन आले. “घरचीच आहेत,” म्हणाले, “आणि ते एकाचं दोन झालं तर बघा.”

मी तत्त्वाचा माणूस. पिशवी घरी नेऊन नीट तपासली. निम्मी फळं कच्ची निघाली.

सरांना दीड केलं.