नदीकाठचा चढ

ग्रॅव्हल बाइकला हँडल असतं शर्यतीच्या सायकलीचं, टायर असतात त्याहून बरेच रुंद, आणि किंमत अशी की दुकानदारसुद्धा ती हळू आवाजात सांगतो. टायरात ट्यूब नसते. आत एक पांढरा चीक ओतलेला असतो. काटा घुसला की तो भोकाशी येतो आणि भोक आपोआप बुजतं. म्हणजे झाडाखाली पाय पसरून अर्धा तास दम खाण्याचं सायकलस्वाराचं हक्काचं निमित्तच गेलं. खडी, चिखल, झाडांची मुळं, गुडघाभर गवत, ही सायकल कुठूनही जाते म्हणतात. ती गेली की वर बसलेल्यालाही जावं लागतं, एवढं मात्र कोणी सांगत नाही.

मला ते मेहुण्यानं सांगायला हवं होतं. तो फ्रान्समध्ये तुलूझला विमानांच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. अख्खं विमान हवेत चढवण्याची सवय असल्यामुळे जमिनीवरचे चढ त्याच्या नजरेत भरत नाहीत. "भाऊजी, आधी दोर्दोन्य नदीचं खोरं, मग व्हेझेरचं. सगळा नदीकाठ. पाणी कधी चढ चढतं का?"

युक्तिवाद बिनतोड होता. आमच्या सौभाग्यवतींनी तो ऐकून घेतला आणि "मी सामान घेऊन गाडीनं येते" असं जाहीर केलं. मेहुण्याची ही ताई लहानपणापासून त्याला ओळखते.

पाणी चढ चढत नाही, पण वाट चढते. पेरिगॉरचा हा भाग चुनखडीचा. नदीनं इतकी वळणं घेतली आहेत की प्रत्येक वळणाच्या बाहेरच्या अंगाला पाण्यानं कापलेला सरळसोट कडा उभा असतो आणि आतल्या अंगाला गाळाची सुपीक जमीन, तिच्यात अक्रोडाच्या बागा नि मका. म्हणजे एका काठावर कडा, दुसऱ्यावर शेतकरी. डांबरी रस्ता या दोघांशी कसंबसं जमवून घेतो. खडीची वाट स्वाभिमानी. ती सरळ कड्याच्या डोक्यावर जाते, पठारावरच्या रानातून हिंडते, पुढच्या वळणाला नदीची आठवण आली की खाली उतरते, दोन मिनिटं काठावर थांबते आणि पुन्हा वर. दोम नावाचं एक देखणं गाव नदीपासून दीडशे मीटर उंचीवर वसलंय. आमच्या नकाशात तेही 'नदीकाठी' होतं.

मेहुण्याच्या हँडलवर एक यंत्र होतं. ते चढाची टक्केवारी सांगे. बारा टक्के दिसले की मेहुणा म्हणे, "आजची सरासरी दोनच आहे हो." असेल. मी सरासरीवर सायकल चालवत नव्हतो, त्या बारा टक्क्यांवर चालवत होतो.

अशा वेळी सगळ्यात हलका गिअर टाकताना मला फ्रेंच इतिहासाचा आधार वाटे. १९०३ साली 'तूर द फ्रान्स' सुरू करणाऱ्या आँरी देग्रांजचं १९०२ मधलं लेखी मत असं की गिअर बदलणं हे पंचेचाळिशी उलटलेल्यांचं काम. मतावर तो ठाम राहिला. साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा डिरेलर त्या शर्यतीत १९३७ मध्ये आला. तोवर बिचारे शर्यतवीर चढाच्या पायथ्याशी उतरायचे, मागचं चाक काढायचे, उलटं फिरवून दुसऱ्या बाजूचं मोठं चक्र वापरायला घ्यायचे आणि मग चढायचे. तेही आजच्या डांबरावरून नव्हे, धुळीच्या आणि खडीच्या रस्त्यांवरून. आज जी सायकल नवा शोध म्हणून विकतात तिच्यासारखं जगणं त्यांच्या वाट्याला फुकट आलं होतं. माझी पंचेचाळिशी केव्हाच उलटली आहे, तेव्हा माझं प्रमाणपत्र खुद्द देग्रांजचं.

त्याच्या विरुद्ध पक्षाचा पुढारी म्हणजे सेंत-एत्येनचा पॉल द व्हिव्ही. 'व्हेलोसिओ' या नावानं तो लिही, स्वतःचं सायकलविषयक मासिक चालवी आणि गिअरांसाठी भांडे. हा गृहस्थ शाकाहारी होता, हे कळल्यावर तर मला तो घरचाच वाटू लागला. भूक लागण्याआधी खा, तहान लागण्याआधी प्या, हा त्याचा सायकलस्वारांना उपदेश.

पेरिगॉरमध्ये हा उपदेश पाळणं कठीण. इथल्या खेड्यातल्या खाणावळीची चूल दुपारी बारा ते दोन पेटते. त्या वेळात लागली तर ती भूक, नंतर लागली तर ती तुमची खासगी बाब. शिवाय हा मुलूख बदकांचा. बदकाचं काळीज, बदकाच्याच चरबीत मुरवलेली बदकाची तंगडी. मी अंडं खाणारा शाकाहारी. मेहुणा तुलूझला गेल्यापासून परिस्थितीनुसार. मी सॅलड मागवलं, त्यात अक्रोडांच्या आडून बदकाच्या पोटातले तुकडे निघाले. बटाट्यांनी कधी दगा दिलेला नाही म्हणून बटाटे मागवले. ते सार्ला गावच्या खास पद्धतीचे निघाले, म्हणजे बदकाच्या चरबीत परतलेले. मेहुण्यानं दोन्ही ताटं अत्यंत जड अंतःकरणानं संपवली.

मला तारलं ते पावानं. बेकरी नसलेल्या एका गावात ग्रामपंचायतीच्या कचेरीशेजारी चक्क पावाचं यंत्र होतं. नाणी टाकली की लांबलचक बगेत खाली येतो. बगेतची कारागिरी युनेस्कोनं २०२२ मध्ये मानवी वारशाच्या यादीत घेतली. तो वारसा धाडकन माझ्या गुडघ्याशी आदळला आणि मी तो उभ्यानंच संपवला.

पाण्याची सोय दफनभूमीत. फ्रान्समधले सायकलवाले हे गुपित एकमेकांना सांगतात. गाव कितीही लहान असो, दुकानं कितीही बंद असोत, कबरींवरच्या फुलांसाठी तिथं नळ असतो. पाणी पिण्याजोगं नसेल तिथं बहुधा तशी पाटीही असते. मेहुणा आत जाऊन बाटल्या भरून आला. माझ्या आजीच्या घरी स्मशानावरून आलेल्या माणसाला आंघोळीशिवाय उंबरा ओलांडता येत नसे. इथं आम्ही तिथलंच पाणी पीत होतो आणि वर "गार आहे नाही?" असं म्हणत होतो. आजी वरून पाहत असेल तर तिला एवढंच सांगायचंय की आंघोळही झालेली होती. घामानं.

रान मात्र झकास. ओक आणि चेस्टनट इतके दाट की या भागाला 'काळं पेरिगॉर' नाव पडलंय. शरदात चेस्टनटची काटेरी बोंडं टपाटप खाली पडतात; हेल्मेट अपघातासाठी असतं हा माझा समज तिथं फिटला. वाट पानांखाली बुडालेली, चाकांचा आवाज कुरमुरे खाल्ल्यासारखा. या संगीतात तल्लीन असतानाच वळणावर पाटी दिसली: शिकार चालू आहे. पुढं नारिंगी जाकिटं घातलेले, बंदुका घेतलेले चारपाच आजोबा उभे. रानडुकरांच्या मागावर होते. आम्ही दोघं चिखलानं माखलेले, धापा टाकत, झुडपांतून खाली वाकून येणारे. मेहुण्यानं शंभर फुटांवरूनच "बोंजूर!" अशी आरोळी ठोकली. फ्रान्समध्ये बोंजूर म्हटल्याशिवाय कोणी पावही देत नाही, हे ठाऊक होतं. त्यानं जीवही वाचू शकतो हे नवीन. आजोबांनी अगत्यानं वाट सांगितली. वरच्या दिशेची.

बेनाक आणि कास्तेलनो हे दोन किल्ले दोर्दोन्यच्या दोन काठांवरून एकमेकांकडे डोळे वटारून बघतात. शतवार्षिक युद्धात एक फ्रेंचांचा, दुसरा इंग्रजांचा. आम्हा पुणेकरांना किल्ल्याचं अप्रूप नाही, पण किल्ल्यावर छप्पर शाबूत असलेलं पाहून मात्र गलबलून आलं. ला रोक-गाजाक हे गाव कड्याला पाठ लावून बसलंय. १९५७ मध्ये त्याच कड्याचा तुकडा कोसळून घरं गेली, माणसंही गेली. तरी लोक तिथंच राहतात, कारण कडा दक्षिणेकडे तोंड करून ऊन साठवतो. त्या उबेत चक्क केळी वाढतात. पर्यटक बसमधून उतरून, किल्ला आणि नदी दोन्हींकडे पाठ करून केळीचे फोटो काढत होते. एका बाईंनी मला फोटोतून बाजूला व्हायला सांगितलं.

व्हेझेरच्या खोऱ्यात मोंतिन्याकच्या टेकडीवर लास्कोची गुहा आहे. सप्टेंबर १९४० मध्ये चार पोरांना ती सापडली. अजिंठा १८१९ मध्ये शिकारीला आलेल्या साहेबाला दिसला होता, म्हणजे कामधंद्याला निघालेल्या माणसाला गुहा सापडत नाहीत. लोकांच्या श्वासानं चित्रं खराब व्हायला लागली म्हणून १९६३ मध्ये मंत्री आंद्रे माल्रो यांनी लास्को बंद केली. टेकडी चढून आलो तेव्हाचा आमचा श्वासोच्छ्वास पाहता हा निर्णय योग्यच होता. आता पायथ्याशी २०१६ पासून हुबेहूब प्रतिकृती आहे. तिथं घोडे आहेत, बैल आहेत, हरणं आहेत. त्या माणसांच्या खाण्यातली जी हाडं सापडली ती बहुतेक रेनडिअरची, आणि भिंतीवर रेनडिअर जवळजवळ नाहीच. जे खाल्लं त्याचं चित्र काढायचं नाही, एवढा संयम सतरा हजार वर्षांपूर्वी होता. मेहुण्याच्या फोनमध्ये बदकाचे एकूण एक फोटो आहेत.

व्हेझेर जिथं दोर्दोन्यला मिळते त्या लिमय गावी जेवायचं ठरलं होतं. संगमावर दोन नद्यांचे दोन पूल काटकोनात भेटतात. आम्ही पोचलो तेव्हा दोन वाजून गेले होते, खुर्च्या उलट्या करून ठेवणं चालू होतं, आणि ताईसाहेब अक्रोडाच्या केकचा शेवटचा घास घेत होत्या. मी हताशपणे दाराच्या चौकटीला टेकलो. तेवढ्यात वाढणाऱ्या बाई अळंब्यांची दोन ऑम्लेटं घेऊन लगबगीनं बाहेर आल्या, आम्हाला हाताला धरून बसवलं आणि माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. आमच्या सौभाग्यवतींना फ्रेंच येत नाही. दोन आजारी माणसं मागून येताहेत, एवढं त्यांनी हातवाऱ्यांनी सांगून ठेवलं होतं, आणि आमच्याकडे पाहून कोणालाच शंका आली नाही.