गोपनीयराव

हैदराबादेत मराठी माणसाच्या नावामागे राव लागतोच, तेलुगू माणसाच्या नावामागेही लागतो, त्यामुळे आमच्या काचीगुड्याच्या गल्लीत 'राव आहेत का?' असं विचारलं तर चार दारं उघडतात. पाचवं उघडत नाही. त्याच्या पडद्याची फक्त कड हलते. ते गोपनीयराव. हे त्यांचं खरं नाव नव्हे. समोर आम्ही त्यांना रावसाहेब म्हणतो, आणि खरं नाव छापलेलं त्यांना चालायचं नाही.

बोलण्याची सुरुवात 'तुम्हाला म्हणून सांगतो' अशी. त्याआधी डावीकडे एक नजर, उजवीकडे एक, इराण्याकडे बसलो असलो तर शेजारच्या टेबलाखालीही एक. मग बशीतला चहा संपेपर्यंत शांतता. मग अगदी खालच्या पट्टीत: "उद्या नळाला पाणी नाही."

"हो, सकाळच्या पेपरात होतं," आपण म्हणावं.

"आलं का? म्हणजे आतून कुणीतरी फोडलं!"

गोपनीयराव एका सरकारी कचेरीच्या गोपनीय शाखेतून निवृत्त झाले. कोणती कचेरी, हे त्यांनी बायकोलाही सांगितलेलं नाही असं गल्लीत म्हणतात. वहिनी म्हणतात, सांगितलंय हो, माझ्याच लक्षात राहिलं नाही. शाखेतलं मुख्य काम पाकिटांचं. सरकारी गुपित दोन पाकिटांतून जातं. आतल्या पाकिटावर 'गोपनीय' हा शिक्का आणि लाखेची मोहोर. बाहेरचं पाकीट कोरं, कुणाला संशय येऊ नये म्हणून. मात्र त्या कोऱ्या पाकिटाची टपाल रजिस्टरात 'गोपनीय पाकीट, नग एक' अशी नोंद व्हायची आणि लाखेचा उंचवटा वरून हाताला लागायचा. त्यामुळे साध्या पाकिटाकडे ढुंकून न बघणारी अख्खी कचेरी त्या पाकिटामागे जिना चढायची.

सवय अंगात इतकी मुरली, की मुलाच्या लग्नाच्या पत्रिकाही त्यांनी दोन पाकिटांत घातल्या, बाहेरचं पाकीट कोरं ठेवून. सुलतान बाजारातल्या निम्म्या नातेवाइकांनी ती कर्जवाल्यांची जाहिरात समजून न फोडताच रद्दीत टाकली. दोन पातेली बघारे बैंगन उरले. "गुप्तता मात्र पाळली गेली बरं का," वहिनी अजून सांगतात.

इथपर्यंत माणूस गमतीचा. पण त्यांच्या कपाटात एक लाल वही आहे आणि ती वही निघाली की त्यांचा आवाज खालच्या पट्टीत राहत नाही.

वहीचं मूळ एका बदल्यांच्या यादीत आहे. त्यांच्या कचेरीतल्या यादीवर सही व्हायच्या आधीच ती पेपरात आली. चौकशी बसली. साहेबांच्या पी.ए.ने ती फोनवरून पाच-सहा ठिकाणी वाचून दाखवली होती, हे कचेरीतल्या भिंतींनासुद्धा माहीत होतं. खुद्द साहेबांनी ती जेवणाच्या टेबलावर साडूला ऐकवली होती. आणि एका अटेंडरने, आपल्या भावाचं नाव त्यात आहे का हे घरी दाखवायला, एका पानाची झेरॉक्स काढून घेतली होती. दुर्दैव असं, की मूळ कागद दुकानातल्या मशीनच्या काचेवरच राहिला. अटेंडर निलंबित झाला. निम्म्या पगारावर घर चालवायला त्याची बायको दुसऱ्यांकडे पोळ्या लाटायला जाऊ लागली. पी.ए.ला बढती मिळाली. साहेब 'गोपनीयतेचं महत्त्व' या विषयावर प्रशिक्षण द्यायला गेले.

"त्याचा चार्ज मेमो मीच टाइप केला," गोपनीयराव सांगतात, "आणि मीच दोन पाकिटांत घातला."

तेव्हापासून वहीत तीन रकाने आहेत: कोण फुटला, काय फुटलं, काय भोगलं. एकेक नोंद ते किराण्याच्या उधारीसारखी वाचून दाखवतात.

"परवाचीच गोष्ट घ्या," ते म्हणतात. हैदराबादी माणसाचा परवा काल-आजच्या मागे कितीही लांब जाऊ शकतो; हा परवा जानेवारी १९८५ चा असतो. दिल्लीत कुमार नारायण नावाच्या गृहस्थाने पंतप्रधानांच्या कार्यालयापासून संरक्षण खात्यापर्यंतचे कागद झेरॉक्स करून परदेशी वकिलातींना विकले. फ्रान्सचा एक लष्करी अधिकारी त्यात होता. तो आपल्या देशात निघून गेला. पंतप्रधानांचे प्रधान सचिव पी. सी. अलेक्झांडर यांच्यावर आरोप काहीच नव्हता, पण त्यांच्या हाताखालचा माणूस पकडला गेला म्हणून त्यांनी नैतिक जबाबदारी घेऊन राजीनामा दिला. पुढे ते लंडनला उच्चायुक्त झाले, तमिळनाडूचे राज्यपाल झाले आणि मग महाराष्ट्राचे. इकडे खटला चालूच. २००० साली खुद्द कुमार नारायण वारला. २००२ साली निकाल लागला आणि सचिव नव्हे, तर सचिवांचे सचिव, म्हणजे टंकणारे आणि कागद वाहणारे, अशा डझनभर लोकांना दहा-दहा वर्षांची शिक्षा झाली.

"शिक्षा बरोबरच होती," गोपनीयराव म्हणतात. "पैसे घेऊन कागद विकले, भोगा. मी कुठे नाही म्हणतो? पण अलेक्झांडरसाहेबांसारखं नैतिक जबाबदारी घ्यायचं म्हटलं, तर आमच्या अटेंडरला कुठलं राज्य मिळणार होतं?"

मी एकदा अडवून पाहिलं. मोठी माणसंही पकडली जातात की. पुण्याच्या डीआरडीओच्या प्रयोगशाळेच्या संचालकांनाच मे २०२३ मध्ये एटीएसने अटक केली. गोपनीयरावांनी चष्मा काढला. "त्याच्या आदल्या जूनमध्ये इथल्या आपल्या प्रयोगशाळेतल्या कंत्राटी इंजिनिअरलाही पकडला. आरोप दोघांवर एकच, पाकिस्तानी बाईच्या नादाने माहिती दिल्याचा. तो हेरगिरीचा मामला, कलम तीन. तिथे कुणाला सोडत नाहीत आणि सोडूही नये. माझी वही कलम पाचची. शत्रूला नव्हे, आपल्याच माणसांना कळलं तर काय, त्याची."

कलम पाच हे या माणसाचं गायत्रीमंत्रासारखं पाठ. १९२३ चा शासकीय गुपिते कायदा. त्याचाही आजा १८८९ चा. त्या वर्षी कलकत्त्याच्या 'अमृतबझार पत्रिके'ने काश्मीरबद्दलचा इंग्रज सरकारचा एक गुप्त कागद छापला आणि लॉर्ड लॅन्सडाऊनच्या सरकारने त्याच महिन्यात कायदा करून टाकला. कर्झनने १९०४ मध्ये तो आणखी आवळला. कलम पाचखाली कागद देणाराही दोषी आणि घेणाराही, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. गंमत म्हणजे 'गुपित' कशाला म्हणायचं, हे कायद्यात कुठेच नीट सांगितलेलं नाही. ते शिक्का मारणाऱ्यावर सोडलंय. "म्हणजे माझ्यावर," गोपनीयराव म्हणतात, आणि इथे त्यांची छाती जरा फुगतेच. शाखेच्या पिण्याच्या पाण्याच्या माठाची मागणीही ते गोपनीय म्हणून पाठवत, कारण तशी पाठवली की साहेब ती आधी वाचत.

वहीतलं त्यांचं लाडकं पान कॅप्टन सुब्बाराव यांचं. नौदलातले हुशार अधिकारी, अणुशक्तीवर चालणाऱ्या पाणबुडीच्या विषयातले. मुंबईच्या आयआयटीत त्यांनी पीएचडी केली. मे १९८८ मध्ये ते अमेरिकेला निघाले असताना मुंबईच्या विमानतळावर त्यांना पकडलं. गुप्त कागद म्हणून जे जप्त झालं त्यात त्यांचा स्वतःचाच प्रबंध होता. वीसेक महिने तुरुंगात. शेवटी न्यायालयांनी निर्दोष ठरवलं. मधल्या काळात त्यांनी कायद्याची पुस्तकं वाचली, स्वतःची बाजू स्वतः मांडली आणि पुढे वकीलच झाले. "स्वतः लिहिलेलं स्वतःच चोरलं!" गोपनीयराव टेबलावर हात आपटतात, उस्मानिया बिस्किट उडतं. त्याखालची नोंद दिल्लीचे पत्रकार इफ्तिखार गिलानी यांची. जून २००२, तिहार, सात महिने. त्यांच्या संगणकात सापडलेलं 'गुपित' आधीच छापून झालेलं होतं, इंटरनेटवर कुणालाही वाचता येत होतं. सरकारने पुढे खटलाच मागे घेतला. सात महिने कुणी मागे घेतले नाहीत.

याच्या समोरच्या पानावर जसवंत सिंह. माजी संरक्षणमंत्री आणि परराष्ट्रमंत्री. २००६ साली पुस्तकात लिहून मोकळे झाले, की नरसिंह रावांच्या काळात पंतप्रधान कार्यालयात अमेरिकेला बातम्या पुरवणारा कुणीतरी होता. नाव सांगा म्हटल्यावर पंतप्रधानांना एक पत्र दिलं. त्यावर सहीही नव्हती. काय झालं? पुस्तक खपलं. हे पान वाचताना गोपनीयराव दुखावलेले असतात, कारण पी. व्ही. म्हणजे त्यांचं दैवत. पुण्यात फर्ग्युसनला शिकलेला, हरिभाऊंची 'पण लक्षात कोण घेतो' तेलुगूत नेणारा, दहा-बारा भाषा येत असून एकाही भाषेत तोंड न उघडणारा माणूस. "आम्हा रावांत गुपित ठेवावं तर त्यांनी!"

अमेरिकेचं पान त्यांनी नातवाकडून लिहून घेतलंय. जनरल पेट्रेअस, सीआयएचे प्रमुख राहिलेले. आपल्या अत्यंत गुप्त नोंदींच्या काळ्या वह्या त्यांनी आपलं चरित्र लिहिणाऱ्या, आणि जवळच्या, बाईंना वाचायला दिल्या. २०१५ मध्ये दोन वर्षं देखरेख आणि एक लाख डॉलर दंड, तुरुंग नाही. रिअॅलिटी विनर या पंचविशीतल्या मुलीने एक कागद, फक्त एक, पत्रकारांना पाठवला. पाच वर्षं तीन महिने. एकविसाव्या वर्षी जॅक टेक्सेरा या पोराने खेळाच्या गप्पागटात फुशारकी मारायला कागद टाकले; पंधरा वर्षं. आणि मार्च २०२५ मध्ये राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार माइक वॉल्ट्झ यांच्याकडून येमेनवरच्या हल्ल्याची चर्चा चालू असलेल्या गटात एका मासिकाचा संपादकच घेतला गेला. वॉल्ट्झ त्या पदावरून गेले आणि संयुक्त राष्ट्रांत राजदूत झाले. "बघा, तिकडेही अलेक्झांडरसाहेबांचाच रस्ता," गोपनीयराव म्हणतात. मी म्हटलं, अलेक्झांडरांनी काही फोडलं नव्हतं, तुलना बरोबर नाही. त्यांनी जरा विचार करून वहीत तसा शेरा मारला. एवढा प्रामाणिकपणा मी पेन्शन खाल्लेल्या माणसात क्वचित पाहिलाय.

हैदराबादचं पान सर्वांत शेवटी आणि पेन्सिलने, खोडता यावं म्हणून. जुलै २०२० मध्ये हुसेनसागरकाठचं जुनं सचिवालय पाडायला घेतलं, तेव्हा पत्रकारांना आसपास फिरकू देत नव्हते. एका वृत्तवाहिनीने उच्च न्यायालय गाठलं. यात लपवण्यासारखं काय आहे, असं न्यायालयाने विचारल्यावर पत्रकारांना नेऊन ढिगारा दाखवण्यात आला. तेव्हा विरोधात असलेल्या रेवंत रेड्डींनी आरोप केला, की आत निजामाचा खजिना शोधतायत. खजिना निघाला नाही. रेड्डी मुख्यमंत्री निघाले, आणि नव्या सचिवालयात बसले. एप्रिल २०२३ ची नोंदही इथेच. हनमकोंडा जिल्ह्यात दहावीच्या हिंदीच्या पेपरचा फोटो परीक्षा चालू असतानाच मोबाइलवर फिरला. ज्याच्या पेपरचा फोटो निघाला त्या पोरावर पाच वर्षं परीक्षाबंदी घातली. उरलेले पेपर द्यायला त्याला उच्च न्यायालयात जावं लागलं.

"आमचा अटेंडर तरी मोठा होता हो," गोपनीयराव म्हणतात, आणि वही मिटतात.

त्यांचा सगळा सिद्धान्त शपथेवर येऊन ठेपतो. मंत्री गोपनीयतेची शपथ घेतो ती कुठे? मांडव घालून, कॅमेऱ्यांसमोर. आणि त्या शपथेतच पळवाट आहे: मंत्री म्हणून कर्तव्य बजावण्यासाठी आवश्यक असेल तेवढं सोडून, बाकी कुणाला सांगणार नाही. राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुसूचीत आहे, कुणीही बघावं. "म्हणून मंत्री बोलला की कर्तव्य, आणि पेपरात 'विश्वसनीय सूत्रां'कडून. अटेंडर बोलला की गुन्हा, आणि पेपरात फोटोसकट." २०१९ मध्ये राफेलचे कागद 'द हिंदू'त आले, तेव्हा सरकारच्या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयात बुधवारी सांगितलं, कागद चोरीला गेले; शुक्रवारी म्हणाले, चोरीला नाही, झेरॉक्स. झेरॉक्सचं नाव निघताच गोपनीयरावांनी मला मिठाई खाऊ घातली. का, ते सांगितलं नाही.

स्वतःबद्दलचं एकच गुपित त्यांना कधी कळलं नव्हतं: आपला गोपनीय अहवाल. दुसऱ्यांचे शेकडो त्यांनी लाखबंद केले, स्वतःचा दिसला नाही. २००८ मध्ये देव दत्त खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की अहवालातला प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवला पाहिजे. यांनी माहितीच्या अधिकारात अर्ज केला. उत्तर आलं. दोन पाकिटांत. शेरा होता: 'गोपनीयता उत्तम पाळतात. कामाबद्दल माहिती उपलब्ध नाही.'

तो कागद त्यांनी चौकटीत बसवलाय, देव्हाऱ्याच्या मागच्या बाजूला.

माझं मत विचाराल तर, वही लिहिणारा हा माणूस विक्षिप्त आहे, वही विक्षिप्त नाही. वीरप्पा मोईलींच्या दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने जून २००६ मधल्या पहिल्याच अहवालात स्वच्छ लिहिलं, की हा कायदा रद्द करा, देशाच्या सुरक्षेपुरतं काय ते राष्ट्रीय सुरक्षा कायद्यात घाला, आणि मंत्र्यांना गोपनीयतेऐवजी पारदर्शकतेची शपथ द्या. सरकारने कायदा रद्द केला नाही, शपथही बदलली नाही. अहवाल मात्र उघड आहे, फुकट मिळतो, आणि त्यावर कुठलाही शिक्का नाही. वाचून ठेवा. तुमच्या कचेरीत पुढची यादी फुटेल तेव्हा चौकशी-समितीसमोर अटेंडरच्या बाजूने दोन वाक्यं बोलायला उपयोगी पडेल.