डॅमेजची जमाबंदी

पडद्याच्या वरच्या अंगास दिसणारी प्रतिपक्षाची प्राणपट्टी शून्यावर आणणे हेच ज्याने ऐन उमेदीतले इतिकर्तव्य मानले आहे, ज्याच्या अंगठ्यांना घट्टे पडले आहेत आणि ज्याच्या मातोश्रींनी जेवणाचे ताट झाकून ठेवण्याचा प्रघात नाइलाजाने स्वीकारला आहे, अशा होतकरू योद्ध्याच्या हितार्थ प्रस्तुत सूचना लिहिल्या आहेत.

पहिला फटका बसल्यावर प्रतिपक्षास सावरण्याची उसंत न देता एकापाठोपाठ एक लगावलेल्या फटक्यांच्या मालिकेस कॉम्बो म्हणतात. या विद्येचा उगम कोणा ऋषीच्या तपश्चर्येत नसून एका नजरचुकीत आहे. कॅपकॉम या जपानी कंपनीचा ‘स्ट्रीट फायटर २’ हा खेळ १९९१ साली बाजारात आला. त्याच्या जडणघडणीच्या काळात मोटार फोडण्याची बक्षीस-फेरी तपासताना नोरिताका फुनामिझू यांच्या ध्यानी आले की, एक ठोसा पुरता संपण्यापूर्वी दुसरा गुपचूप घुसविता येतो. हे साधणे इतके दुष्कर आहे की कोणाच्या हातून सहसा घडणार नाही, असा अंदाज बांधून तो दोष तसाच राहू दिला गेला. मनुष्यजातीपाशी किती रिकामा वेळ असतो याविषयी इतका चुकीचा अंदाज क्वचितच कोणी केला असेल. पुढे १९९३ च्या ‘सुपर स्ट्रीट फायटर २’मध्ये बसलेल्या फटक्यांची गणना पडद्यावर झळकू लागली आणि तेव्हापासून फटक्यांची संख्या म्हणजेच पराक्रम असा एक भ्रम तरुणांत रूढ झाला.

हा भ्रम प्रथम टाकावा. हल्ली सर्वत्र खेळल्या जाणाऱ्या २०२३ च्या ‘स्ट्रीट फायटर ६’मध्ये बहुतेक पात्रांची प्राणपट्टी १०,००० ची असते, परंतु कॉम्बोतील प्रत्येक प्रहाराचा पुरता आकार वसूल होईल अशी आशा धरणे म्हणजे सरकारी कपातीचे अस्तित्वच नाकारणे होय. जोरकस फटक्याने आरंभ केल्यास पहिले दोन प्रहार पूर्ण मोलाने जमा होतात, तिसऱ्याचे ८० टक्के, चौथ्याचे ७०, पाचव्याचे ६०, आणि अशीच उतरती कळा लागून अखेर दहा टक्क्यांवर मजल येते. या कपातीस खेळाडू स्केलिंग म्हणतात. हलक्या लाथेने किंवा ठोशाने सुरुवात करणाऱ्यास आरंभापासूनच जादा कपात सोसावी लागते. सबब, जो प्रहार सर्वांत वजनदार, त्यास अग्रस्थान द्यावे. १,००० मोलाचा ठोसा दहाव्या क्रमांकावर ठेवणाऱ्यास अवघे १०० हाती येतील, आणि त्याबद्दल दाद मागण्याची कोठेही सोय नाही.

या सार्वत्रिक कपातीतून एका वर्गास मात्र अंशतः माफी आहे, तो म्हणजे सुपर या नावाचे महाप्रहार. पहिल्या पातळीच्या सुपरचे मूल्य ३० टक्क्यांखाली, दुसऱ्याचे ४० खाली आणि तिसऱ्याचे ५० खाली उतरविता येत नाही. म्हणजे जुन्या इनामदारांप्रमाणे त्यांचे किमान उत्पन्न सनदेनेच सुरक्षित केलेले आहे. तिसऱ्या पातळीचा ४,००० चा सुपर कॉम्बोच्या कितीही मागच्या टोकास टाकला तरी २,००० वसूल होतातच. म्हणून आधी जोरकस फटके, मध्ये किरकोळ रयत आणि अखेरीस इनामदार, असा क्रम राखावा.

मिळकतीइतकेच खर्चाकडेही लक्ष असावे. प्रतिपक्षाचा हल्ला फसून तो उघडा पडला असता मारलेल्या फटक्यास, म्हणजे पनिश काउंटरला, वीस टक्के अधिक मोल मिळते. तो योग साधावा. उलट अचूक क्षणी पॅरी करून, म्हणजे समोरचा फटका परतवून, आरंभलेल्या कॉम्बोचे डॅमेज निम्म्यावर येते, तेव्हा तेथे अवाजवी अपेक्षा धरू नये. कॉम्बोच्या मध्यातच ड्राइव्ह रश, म्हणजे पट्ट्या खर्चून पुढे झेप, घेऊन तो लांबविण्याचा मोह फार होतो. त्याची किंमत सहांपैकी तीन ड्राइव्ह पट्ट्या, आणि वर पुढील प्रहारांवर १५ टक्के जादा कपात. सर्व पट्ट्या उधळून बर्नआउटमध्ये गेलेला योद्धा, जो नंतर अडविलेल्या विशेष हल्ल्यांनीही घायाळ होतो, त्याची अवस्था मी पाहिली आहे; तिचे वर्णन टाळतो. प्रतिपक्ष दोन फटक्यांत संपणार असेल तर त्यावर तीन पट्ट्या खर्चू नयेत, हे सांगण्याची गरज पडू नये, पण पडते.

ट्रेनिंग मोडमधील बाहुले फार सुशील असते: ते हलत नाही, चिडत नाही, आणि चौदाव्यांदा चुकल्यावरही हसत नाही. हा खेळ सेकंदाचे साठ भाग करून चालतो, आणि २००८ च्या ‘स्ट्रीट फायटर ४’मध्ये तर असे काही लिंक, म्हणजे दोन फटक्यांचे सांधे, होते की त्यांतला पुढील फटका त्या साठांपैकी एकाच भागात पडला तरच जुळे. अशा वेळी कागदावरचे गणित अपुरे पडते. ४,००० चा कॉम्बो निम्म्या वेळा सुटत असेल तर त्याची सरासरी २,००० च होते, आणि तो सुटला की प्रतिपक्षाचा कॉम्बो सुरू होतो तो निराळाच. त्यापेक्षा २,५०० चा, पण झोपेतही जमणारा कॉम्बो श्रेयस्कर मानावा, मग तो दिसायला कितीही कारकुनी असो.

या शास्त्रात सर्वांत गाजलेला प्रसंग २००४ च्या इव्हो स्पर्धेतला आहे. ‘स्ट्रीट फायटर ३: थर्ड स्ट्राइक’मध्ये दाइगो उमेहारा यांच्या केन या पात्रापाशी प्राण म्हणून केवळ एक रेघ उरली होती, आणि जस्टिन वाँग यांच्या चुन-लीचा सुपर नुसता अडविला असता तरी ती पुसली गेली असती. दाइगोंनी त्यातले पंधरा प्रहार एकामागून एक पॅरी केले, शेवटची लाथ हवेत उडी घेऊन परतविली आणि तेथून सुपरपर्यंत अखंड कॉम्बो करून तो सामना जिंकला. त्याची चित्रफीत आजही नवशिके पाहतात आणि तसेच करावयास जाऊन हरतात. तिचे अवलोकन अवश्य करावे, परंतु एवढे ध्यानी ठेवावे, की त्या वर्षी त्या खेळाचे विजेतेपद ‘केओ’ या नावाने खेळणाऱ्या केंजी ओबाता यांनी पटकाविले; दाइगो दुसरे आले.