सुरतचे पाव्हणे आणि जिजीची बिछायत

"बिछायतवाल्याला तीस गाद्या सांगितल्या. पण त्याला बजावलं, आदल्या दिवशी सकाळीच आणून टाक बाबा. संध्याकाळी आणल्या तर परत घेऊन जा म्हणेन."

तारेवर चादर झटकता झटकता जिजींनी कुंपणापलीकडून बातमी दिली. त्यांच्या नातवाचं लग्न वैशाखात. यंदा 17 मेपासून अधिक ज्येष्ठ बसतोय, तो 15 जूनपर्यंत. त्यामुळे ज्याला त्याला त्याच्या आत लग्न उरकायचंय. धरणगावात मंडपवाला, बॅन्डवाला, आचारी, कोणी हाताला लागत नाही. जिजींनी मात्र आचाऱ्याच्या आधी बिछायत ठरवली.

"सकाळी कशाला पण जिजी? रात्रीच तर लागणार," मी म्हटलं.

"अगं माय, त्या गाद्या आधीच्या लग्नातून उचलून आणलेल्या असतात. कोणी त्यावर चहा सांडला, कोणी डोक्याचं तेल पुसलं. आल्या तशा अंथरल्या की पाव्हणा रात्रभर नाक मुरडतो आणि सकाळी म्हणतो, झोप छान लागली! दिवसभर धाब्यावर उन्हात टाकायच्या, काठीनं झोडपायच्या, वरून आपल्या घरची धुतलेली चादर. आपल्या उन्हाचा तेवढा तरी उपयोग!"

जिजींचा पाव्हण्यांबाबत एक सिद्धांत आहे आणि तो त्या खास अहिराणीत सांगतात: "एक टाइम जेवन चुकनं तं चाली जाई, पन झोप मोडाले नको." मला तो पटतो. खान्देशात पाव्हण्याला उपाशी कोणी पाठवत नाही. उलट दोन पोळ्यांवर तिसरी वाढताना ताटावर आडवा धरलेला हातही आपण बाजूला सारतो. पण तोच पाव्हणा रात्री अकराला ओसरीवर उशी हुडकत फिरतो, याची कोणाला खंत नाही.

आणि पाव्हणे म्हणजे सुरतचे. इथल्या अर्ध्या घरांचं कोणी ना कोणी उधना-लिंबायतला लूमवर, नाहीतर साडीच्या मार्केटात. ताप्ती लाइनच्या गाडीत बसले की धरणगावला उतरतात. गाडी लेट झाली तर रात्रीबेरात्री, लेकरं कडेवर झोपलेली. जिजींनी त्यासाठी वेगळा माणूस नेमलाय. रिक्षावाला नाही, घरचा माणूस. "स्टेशनावर आपलं तोंड दिसलं की निम्मा थकवा जातो," त्या म्हणतात.

जेवणाचं त्यांनी दोन वाक्यांत उरकलं. हळदीच्या दिवशी वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी. का? तर माणसं दीडशे येतील की अडीचशे, हे देवालाही सांगता येत नाही. बट्टीचे गोळे सकाळीच उकडून ठेवले की अर्धं काम संपलं. पंगत बसेल तसे कापायचे आणि तळायचे. लोक कमी आले तर उकडलेले तसेच राहतात, जास्त आले तर कढई चालूच आहे. मला वाटतं, लग्नाला बट्टी करण्यामागे चवीइतकीच ही सोयही असावी. पोळ्यांना हे जमत नाही. खापरावरच्या पुरणपोळीला तर नाहीच. हातावर फिरवून फिरवून मांडा मोठा करणाऱ्या बायाच आता मोजक्या, त्यांची आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, ऑर्डर आधीच भरलेली असते.

"आखाजीचं काय मग? लेकी येतीलच ना?" मी विचारलं.

"लेकींचं काय, त्या स्वतःच फडताळ उघडून गोधडी काढतात. आमरस खातात, झोक्यावर बसतात, गौराईची गाणी म्हणतात. लेकीला पाव्हणी कोण म्हणेल? धोंड्याच्या महिन्यात जावई येतील, तेव्हा बघू. तेव्हा कूलर लागेल."

मग विषय कूलरवर आला, आणि खरं राजकारण तिथंच असतं. एक कूलर, एक हॉल आणि चौदा माणसं. कूलरच्या तोंडाशी कोणाची गादी? व्याह्यांची लावली तर मोठे काका रुसतात. काकांची लावली तर व्याही काही बोलत नाहीत, पण पुढे दहा वर्षं बोलत राहतात. जिजींनी यावर काढलेला तोडगा ऐकून मी हातातली परात खाली ठेवली. म्हणाल्या, कूलरसमोर लेकरं. झोपलेल्या लेकरांना उठवून तिथं आडवं व्हायला कोणाचं मन धजत नाही.

बाकी यादी त्यांच्या डोक्यात पक्की आहे. म्हाताऱ्या बायांना तळमजला, कारण रात्री दोनदा उठावं लागतं आणि जिना अंधारा. संडासाच्या वाटेवरचा दिवा रात्रभर चालू, वर बादली भरलेली. नळाचा दिवस नसेल तर टँकर आदल्या दिवशी. साखरेच्या पेशंटचा चहा वेगळ्या पातेल्यात, आणि त्या पातेल्याला दोरा बांधलेला. मोबाइलसाठी चार पिनांची एक पट्टी. "आजकाल पाव्हणा पाणी नंतर मागतो, चार्जर आधी."

मी सहज अमळनेरचं काढलं. 2024 च्या फेब्रुवारीत तिथं प्रताप कॉलेजच्या मैदानावर 97 वं साहित्य संमेलन झालं, त्याच दिवसांत गावात विद्रोही संमेलनही. तेव्हा इकडे धरणगावात आमच्याकडेही पुण्याकडचे दोघं उतरले होते. त्यांना भरीत खाऊ घातलं, कळण्याची भाकरी दिली, आणि सकाळी चहानंतर त्यांनी विचारलं, बालकवींच्या जन्मगावी आलोय तर काय काय बघायचं? मी आणि आमचे हे एकमेकांकडे बघत राहिलो.

जिजी हसल्या. "संमेलनाचं सांगते मला! आमचे सासरे फैजपूरला गेले होते, पोरसवदा असताना."

हे मी आधीही ऐकलंय, पण फैजपूरची गोष्ट जिजींच्या तोंडून ऐकण्यात मजा आहे. 1936 चा डिसेंबर, खेड्यात भरलेलं काँग्रेसचं पहिलं अधिवेशन, अध्यक्ष पंडित नेहरू. गांधीजींचाच आग्रह होता की शहर नको. म्हणजे लॉज नाही, धर्मशाळा नाही, उघडं शेत. धनाजी नाना चौधरींसारखी माणसं राबली, साने गुरुजी गावोगाव फिरले. शांतिनिकेतनातून नंदलाल बोस आले आणि त्यांनी बांबू, तट्टे अशा इथल्याच सामानातून अधिवेशनाचं टिळकनगर सजवलं. स्वागताध्यक्ष शंकरराव देव. जिजींना यातलं सगळ्यात काय आवडतं? तर सफाई. शिकल्यासवरल्या स्वयंसेवकांनी हाती झाडू घेतला, हे. "भाषणं कोणाला आठवतात? हजारो माणसं उघड्यावर उतरवायची म्हणजे आधी चर खणायचे. लग्नघरातही आधी तेच बघावं, मंडपाची झालर मग."

"आणि एवढी तयारी करून झेंडाच अडकला ना?"

"अडकला! खांबाच्या वर दोरीत गुंतला. खाली एवढी मोठी मोठी माणसं, सगळी माना वर करून उभी. मग शिरपूरकडचा एक पोऱ्या सरसर वर चढला आणि त्यानं तो सोडवला." जिजींनी चादर तारेवरून ओढून घेतली. "म्हणून म्हणते, यादी कितीही करा, घरात एक चढणारा पोऱ्या मोकळा ठेवावा. त्याला काही काम सांगायचं नाही. गॅस संपला, लाइट गेली, आचारी रुसला, की त्याला हाक मारायची. आमचा धाकटा आहे त्याच्यासाठी."

धाकटा म्हणजे जो गेल्या लग्नात पंगतीच्या वेळीच गायब झाला होता, तो. मी काही बोलले नाही. लग्नघरात शंका काढू नये.

इतकं सगळं झाल्यावर जिजी भिंतीला टेकल्या, आवाज खाली आणला. मला वाटलं, आता नवरीकडची काहीतरी बातमी येणार.

"तुझी वरची खोली रिकामीच असते ना गं?"

"असते की."

"पंखा चालतो?"

"चालतो."

"मग पाच गाद्या तिकडे पाठवते. सुरतचे मोठे भाऊजी, त्यांचे दोन साडू, आणि आमचे नंदोई. भली माणसं. खाण्यापिण्याचं काही नाही, सगळं माझ्याकडे. फक्त झोपायला."

"चारच झाले, जिजी. पाचवा कोण?"

"पाचवी गादी दाराला लावायची, आवाज खाली येऊ नये म्हणून. चौघंही घोरतात. मागं नाशिकला एकाच खोलीत झोपले, तर शेजारचा कुत्रा रात्रभर भुंकत होता. इकडे हॉलमध्ये ठेवले तर माझे बाकीचे पाव्हणे सकाळच्या गाडीनं परत जातील."

मी हो म्हणायच्या आतच त्यांनी पलीकडच्या पोराला हाक मारून खोलीच्या खिडकीला जाळी आहे का ते बघायला पाठवलं होतं.