सध्याची सायकल

आमच्या सोसायटीत त्याला सगळे ‘एकवीस’ म्हणतात. खरं नाव दारावरच्या पाटीवर आहे, पण ते वाचतं कोण! सहा वर्षांपूर्वी गणपतीच्या आधीच्या रविवारी तो नवी सायकल घेऊन आला आणि पार्किंगमध्ये भेटेल त्याला, वॉचमनसकट, "एकवीस गिअर आहेत" असं सांगत सुटला. संध्याकाळपर्यंत नाव पडलं होतं.

"पण ही सध्याची हं," तो मला म्हणाला. "एंट्री लेव्हल. जरा अंदाज आला की चांगली घ्यायची."

ही जात ओळखायला हेल्मेट किंवा पॅड लावलेली घट्ट चड्डी बघावी लागत नाही. ‘सध्या’ हा शब्द ऐकला की समजावं. कोथरूडपासून कोल्हापूरपर्यंत प्रत्येक सोसायटीत असा एक असतोच. वय चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे, पगार बरा, पोट शर्टाच्या चौथ्या बटणाशी हुज्जत घालायला लागलेलं, रक्तातल्या साखरेबद्दल डॉक्टर काहीतरी सूचक बोललेले. साठ हजारांची सायकल त्याला परवडत नाही असं नाही. पण "सायकलीला साठ हजार" हे शब्द स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून उच्चारायची छाती होत नाही. मग तो १४,५०० रुपयांची माउंटन बाइक आणतो आणि घरी अकराच सांगतो.

आमच्या एकवीसच्या सायकलीचं पहिलं परीक्षण त्याच्या बाबांनी केलं. बाबा म्हणजे पुणं खरोखर सायकलींचं शहर होतं त्या काळातले. सायकलीला पालिकेचा बिल्ला लागायचा, रात्री दिवा नसला किंवा डबलसीट सापडलं की पोलीस हवा सोडायचा, हे सगळं भोगलेले. त्यांनी चष्मा पुसला, सायकलीला एक प्रदक्षिणा घातली, पुढच्या शॉकअपवर तळहाताने दाब देऊन पाहिला आणि तीन प्रश्न विचारले.

"मडगार्ड कुठंय?"

"माउंटन बाइकला नसतं, बाबा. चिखल अडकतो त्यात."

"स्टँड?"

"वजन वाढतं."

"बरं. कॅरिअर?"

यावर एकवीसने माझ्याकडे पाहिलं. तू तरी समजावून सांग, असा त्याचा चेहरा होता. मी छताकडे पाहिलं.

"मग दळण कशावर आणायचं?" असं म्हणून बाबा लिफ्टकडे गेले.

सायकल सोळा किलोची. लोखंडी सांगाडा, लोखंडी स्प्रिंगचा शॉकअप, बोटभर उंचीच्या गुठळ्यांचे टायर. तिला पाव-अर्ध्या किलोच्या स्टँडचं ओझं सोसणार नव्हतं. त्यामुळे ती कायम कशाला तरी टेकलेली असायची. भिंतीला, तुळशी वृंदावनाला, माझ्या स्कूटरला. एकदा ती स्कूटरसकट आडवी झाली आणि मागचे गिअर ज्या तुकड्याला लटकतात तो वाकला. त्यानंतर दोन महिने चौथा गिअर टाकला की पाचवा पडायचा आणि पाचवा टाकला की काहीच पडायचं नाही, नुसती कटकट ऐकू यायची. एकवीस ते सहन करायचा. "एकवीस आहेत," म्हणायचा, "दोन गेले तर गेले."

त्या एकवीसचंही एक गौडबंगाल आहे. पुढे तीन चक्रं, मागे सात, म्हणून गुणाकार एकवीस. पण पुढच्या मधल्या चक्रावरचे निम्मे गिअर मोठ्या किंवा छोट्या चक्रावरच्या कुठल्या ना कुठल्या गिअरइतकेच हलके-जड असतात. शिवाय पुढे सर्वांत मोठं आणि मागेही सर्वांत मोठं अशी जोडी लावली तर चेन तिरकी ताणली जाऊन कुरकुरते, म्हणून ती लावायची नसते. वजाबाकी करत गेलं तर हाती खरे बारा-तेरा उरतात. हे मी त्याला एकदा कागदावर दात मोजून दाखवलं. त्याने कागद घडी करून खिशात ठेवला आणि आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. तसा तो वापरायचा तीनच. मधलं चक्र, आणि मागे तीन, चार, पाच. सर्वांत हलका गिअर, पुढे एक मागे एक, म्हणजे त्याच्या भाषेत ‘एकला एक’, तो तर त्याने बँकेतल्या ठेवीसारखा राखून ठेवला होता. त्यात पेडल पूर्ण फिरवलं तरी चाक एक फेरासुद्धा पुरा करत नाही. पुढे चोवीस दात आणि मागे अठ्ठावीस, हिशेबच तसा आहे. "तो डोंगरासाठी," एकवीस म्हणायचा.

डोंगर आला तो पहिल्याच हिवाळ्यात. त्याआधी एका पहाटे वेताळ टेकडीवर जाऊन झालं होतं, पण तिथे पांढरे बूट घातलेल्या एका आजींनी वाट अडवून "ही फिरायची जागा आहे, सायकल खाली लावा" असं सुनावलं. खाली लावायला स्टँड नव्हतं. मग ठरलं सिंहगड. मी स्कूटरवरून मागोमाग, पिशवीत सहा केळी, चिक्की आणि पाण्याच्या दोन बाटल्या घेऊन. खडकवासल्यापर्यंत गडी जोरात होता. गुठळ्यांचे टायर डांबरावरून मधमाश्यांच्या पोळ्यासारखा आवाज करत होते आणि प्रत्येक पेडलला शॉकअप वरखाली होऊन सायकल रस्त्याला नमस्कार घालत होती. वास्तविक तो शॉकअप बंद करायचं एक निळं बटण उजव्या बाजूला असतं. सपाट रस्त्यावर ते फिरवलं की पायातली ताकद स्प्रिंग दाबण्यात वाया जात नाही. पण मग शॉकअप घेतला कशाला, असा त्याचा बिनतोड प्रश्न.

पुण्यातून गडावर जायचं म्हणजे साधारण साडेसातशे मीटर चढायचं, आणि त्यातला जवळजवळ सगळा चढ शेवटच्या घाटात. दुसऱ्या वळणाला एकवीसचा चेहरा जांभळा झाला. चालत निघालेली कॉलेजची पोरं त्याच्या बरोबरीने चालत होती, त्यातल्या एकाने "काका, धक्का देऊ का?" असं अगदी सभ्यपणे विचारलं. ‘काका’ वर्मी लागलं. त्याने दात-ओठ खाऊन, पेडलवर उभा राहून, सगळा भार चेनवर असताना पुढचा गिअर खटकन एकवर टाकला. चेन छोट्या चक्रावर न जाता त्याच्याही आत, सांगाड्याच्या फटीत जाऊन रुतली. ठेव मोडायला गेला आणि बँकच बुडाली. अर्धा तास आम्ही दोघं ती चेन काढत होतो. त्या दिवशी पिठलं-भाकरी आणि मटक्यातलं दही त्याने काळ्या हातांनी खाल्लं आणि एकला एकचं नाव पुन्हा काढलं नाही. उरलेला घाट त्याने कसा पार केला, हे आता तो "चढवली" या एका शब्दात सांगतो. चढवली हे खरंच आहे. सायकलच चढवली, तो चालत होता.

उतरताना मात्र त्याला डोंगर सापडला. दोन्ही ब्रेक घट्ट आवळून तो असा उतरला की मध्यावर जळका वास यायला लागला आणि डिस्कवर टाकलेलं पाणी चर्रकन उडालं. ती निवेपर्यंत कठड्यावर बसून त्याने मला माउंटन बाइकचा इतिहास ऐकवला. एकवीसला हा इतिहास तोंडपाठ आहे, आणि खोटं कशाला सांगू, तो आहेही ऐकण्यासारखा. कॅलिफोर्नियात मरीन काउंटी म्हणून भाग आहे. तिथल्या टॅमलपायस डोंगराच्या आसपास १९७० च्या दशकात काही रिकामटेकडी पोरं तिसा-चाळिसातल्या भंगार सायकली मातीच्या वाटांवरून खाली सोडायची. जाड टायरच्या, पेडल उलटं फिरवलं की ब्रेक लागणाऱ्या त्या सायकली अगदी किरकोळ पैशांत मिळायच्या. १९७६ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी शर्यत लावली. एका उतारातच मागच्या चाकातलं ग्रीस तापून, धूर होऊन जायचं आणि ते नव्याने भरावं लागायचं. म्हणून त्या उताराचं नावच पडलं ‘रिपॅक’. त्यांच्यातल्याच जो ब्रीझने १९७७ मध्ये डोंगरासाठी मुद्दाम सांगाडा बनवला, १९७९ मध्ये गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी ‘माउंटनबाइक्स’ नावाने दुकान थाटलं आणि १९९६ मध्ये अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये हा खेळ आला.

"म्हणजे बघ," तो वास येणाऱ्या डिस्ककडे कौतुकाने बघत म्हणाला, "सुरुवात भंगारापासूनच आहे." एरवी कुठल्याही गोष्टीतून स्वतःला सोयीचं तेवढंच काढणारा हा माणूस, पण या बाबतीत त्याचं म्हणणं खोडता येत नाही.

आता सीटबद्दल. या सायकलींची सीट नुसती खिटी उघडली की निघते. ही सोय चोरांसाठी केलेली नसावी, पण पहिला लाभ त्यांनी घेतला. मंडईबाहेरून सीट गेली आणि एकवीस मंडई ते घर उभ्याने पेडल मारत आला. तेव्हापासून तो जिथे जाईल तिथे सीट बरोबर नेतो. बँकेत तो सीट काउंटरवर ठेवून पासबुक भरतो. देवळात एका हाताने नमस्कार करतो. माझ्या पुतणीच्या साखरपुड्याला तो आला तेव्हा माझ्या काकूंनी त्याच्या काखेतली ती वस्तू आहेर समजून हात पुढे केला होता. आणि हे सगळं वाचवतोय काय, तर साडेतीनशे रुपयांची सीट. तिच्यावर त्याने नऊशेचं जेलचं कव्हर घातलंय. दिवा, बाटली, बाटलीचा पिंजरा, मोबाइलचा धारक, हातमोजे हे त्याहून वेगळं. सायकल सध्याची असली तरी सामान कायमचं घ्यावं, असा त्याचा हिशेब.

पावसाळ्यात तर मागच्या चाकाची गुठळीन् गुठळी चिखल उचलून थेट पाठीवर नेऊन ठेवायची. एकवीस ऑफिसातून परतला की शर्टावर कमरेपासून मानेपर्यंत एक तपकिरी रेघ, जणू कुणीतरी मणक्याचा नकाशा काढलाय. दोन पावसाळे बायकोने ते शर्ट धुतले. तिसऱ्या जूनच्या पहिल्या सोमवारी तिने एक शर्ट धुतला नाही, नुसता दिवाणखान्यातल्या खुर्चीवर पसरून ठेवला. मंगळवारी मडगार्ड बसलं. "सध्या लावलंय," तो म्हणाला, "काढता येतं." त्याच्या पुढच्या वर्षी माझ्या नव्या स्कूटरवर ओरखडा पडल्यावर स्टँड आलं. ते सध्याचंही नव्हतं, सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठराव होऊन आलं. बाबा दोन्ही वेळा खाली येऊन बघून गेले. काही बोलले नाहीत.

आणि मग गेल्या दिवाळीला बोनस झाला. घरातून होकार आला, तोही न मागता. त्या माउलीला बहुधा रोज ‘सध्या’ ऐकण्याचा कंटाळा आला असावा. आम्ही दोघं दुकानात गेलो. दुकानातल्या पोराने ॲल्युमिनियमची, तेलाच्या ब्रेकची, एकोणतीस इंची चाकांची सायकल पुढे केली. किंमत ७०,००० च्या घरात. एकवीसने ती एका हाताने उचलली आणि त्याचे डोळे भरून आले. गल्लीतून एक चक्कर मारून आला तो न बोलताच. सहा वर्षांत मी त्याला इतका गप्प पाहिला नव्हता.

"गिअर किती?" त्याने सीटवरूनच विचारलं.

"बारा, सर. पुढे एकच चक्र. आता चांगल्या बाइकना असंच येतं. कटकट नाही."

"बाराच?"

"बारा, सर."

एकवीस खाली उतरला. सायकल त्याने हळूच स्टँडवर लावायला पाहिली. तिला स्टँड नव्हतं. त्याच्या मनात काय चाललं होतं ते मला स्पष्ट दिसत होतं. सत्तर हजार मोजायचे, नऊ गिअर घालवायचे आणि उद्यापासून सोसायटीत ‘बारा’ म्हणून हाक ऐकायची. कुणी ना कुणी ‘वाजले का?’ विचारणारच.

"मडगार्ड?" त्याने विचारलं. पोरगं हसलं.

"कॅरिअर बसतं का हिला?"

"हिला कोण लावतं, सर?"

येताना आम्ही एका जुन्या सायकल दुकानाशी थांबलो आणि एकवीसने आपल्या सायकलीसाठी सहाशे ऐंशी रुपयांचं लोखंडी कॅरिअर घेतलं. बसवणाऱ्याने डिस्कच्या अडचणीपायी एक पट्टी वाकवून, दोन नट जास्तीचे लावून ते बसवलं आणि वर बसून दाखवलं. "दोन पोती ठेवा," म्हणाला.

पुढच्या रविवारी सकाळी मी गॅलरीत चहा घेत होतो. आमच्या सोसायटीकडे येणारा शेवटचा दोनशे मीटरचा चढ रिक्षावालेही शिव्या देत चढतात. खाली वळणावर एकवीस दिसला. मागे कॅरिअरवर ट्यूबच्या पट्टीने बांधलेला स्टीलचा डबा, दहा किलो दळणाचा. चढाच्या तोंडाशी त्याने पाय हलके केले, भार न देता डावा खटका दाबला. टक्. चेन बसली. मग उजवा. पाय भराभर फिरायला लागले आणि सायकल त्या मानाने फारच सावकाश, पण न थांबता, वर येऊ लागली. शेजारून एक कुत्रं चालत होतं, तेही बरोबरीने. फाटकाशी बाबा उभे होते.

"एकला एकवर आलो," एकवीस धापा टाकत मला ओरडून म्हणाला. "उतरलो नाही कुठे!"

बाबांनी पट्टी सोडली, डब्याचं झाकण काढलं, चिमूटभर पीठ बोटांत चोळून बघितलं.

"जाड आलंय," ते म्हणाले. "चपातीचं आहे म्हणून सांगितलं नव्हतंस का गिरणीवाल्याला?"