सहकुटुंब डोसाभक्षणाचा विधी

बंगळूरला गेलेल्या मराठी कुटुंबाने लालबागजवळच्या ‘मावळ्ळी टिफिन रूम्स’मध्ये, म्हणजे एमटीआरमध्ये, डोसा खाल्ल्याखेरीज परतू नये असा संकेत आहे. परतल्यावर शेजारी पहिले तेच विचारतात. लालबागेतले काचघर पाहिले का, याची चौकशी कोणी करत नाही. पण एक आजी, एक पथ्यावर असलेले काका, एक भाऊजी आणि एक नूडल्सच हवे असलेले मूल एवढ्यांना घेऊन जाणाऱ्याने विधी नीट समजून घेतलेला बरा.

आधी मुहूर्त. सोमवार वर्ज्य, कारण सोमवारी हॉटेल बंद असते. ही माहिती कुटुंबाला सहसा बंद दारासमोर, रिक्षा सोडून दिल्यावर मिळते. रविवारी ‘चंद्रहार’ हे गोड मिळते, पण ते खायला निम्मे बंगळूरही येते. तेव्हा मधला एखादा वार धरावा.

सर्वांत मोठे विघ्न मुक्कामाच्या लॉजवरच येते. खोलीच्या भाड्यात नाश्ता धरलेला असतो. “पैसे भरलेत, सोडायचा कशाला?” असे म्हणून सगळे साडेसातला खाली उतरतात आणि गार उपमा, ब्रेड-जाम, कलिंगडाच्या फोडी आणि पुन्हा उपमा असे रीतसर जेवतात. काकू दोन केळी पर्समध्ये टाकतात. मग नऊ वाजता ढेकर देत सर्व मंडळी देशातल्या एका नामांकित न्याहारीसाठी निघतात. यावर एकच उपाय आहे. नाश्त्याची वेळ कुटुंबाला सांगूच नये. कुटुंबप्रमुखाने खोटे केव्हा बोलावे याचे काही निश्चित प्रसंग असतात, त्यांतला हा एक.

तिथे पोचल्यावर नाव लिहून द्यावे लागते आणि पुकारा होईपर्यंत थांबावे लागते. कुलकर्ण्यांनी विशेष सावध राहावे. हे आडनाव कर्नाटकातही घरोघर आहे, त्यामुळे पुकारा झाला की दोन कुटुंबे उठतात आणि त्यातले ज्याला कानडी येते ते बसते.

थांबण्याचा हा वेळ काका इतिहास सांगण्यात घालवतील, त्यांना घालवू द्यावा. १९२४ मध्ये उडुपीकडच्या मैया बंधूंनी हे हॉटेल काढले. दुसऱ्या महायुद्धात तांदूळ मिळेना, तेव्हा रव्याची इडली आपणच शोधली, असे हॉटेल सांगते. त्यावर आजी म्हणतील, “रवा, दही, मोहरी, काजू? अहो, म्हणजे वाफवलेला उपमाच की.” हा वाद तिथे वाढवू नये. आणीबाणीत सरकारने दर उतरवायला लावले तेव्हा हॉटेलने रोजचा तोटा पाटीवर लिहून बाहेर लावला होता, ही गोष्ट मात्र काकांना सांगायला लावावी. बसायला मिळेपर्यंत पुरते.

टेबल स्वतंत्र मिळेल अशी आशा धरू नये. समोर अनोळखी गृहस्थ असतील, बहुधा रोजचे, आणि शांतपणे खात असतील. त्यांच्या ताटलीकडे बोट दाखवून “ते काय आहे हो?” असे विचारू नये. ते सांगतील, पण मग आजी त्यांना मुलेबाळे किती ते विचारतील.

आता मुख्य कर्म. वेटर येताच भाऊजी घोषणा करतात, “सध्या दोन डोसे मागवू, वाटून खाऊ.” इथेच घात होतो. डोसा चुरचुरीत, पाठीवर गडद तपकिरी, आत मऊ आणि सोबत पातळ तुपाची इवलीशी वाटी, असा येतो. सहा माणसांत तो वाटायचा तर मधला बटाटा एकाला, कड दुसऱ्याला आणि तुपाची वाटी ज्याचा हात लांब त्याला. पथ्यावरचे काका “नुसती चव बघतो” म्हणून ती वाटी उपडी करतात. माणशी एक डोसा मागवावा. काकांसाठी दोन वाट्या तूप मागावे आणि काकूंना दुसरीकडे बघायला सांगावे. रवा इडलीबरोबर बटाट्याचा सागू येतो. मुलाला ती ‘भाजी’ आहे असे सांगू नये.

खाताना “आमच्या माटुंग्याला…” या शब्दांनी वाक्य सुरू करण्यास सक्त मनाई आहे. माटुंग्याची उडुपी हॉटेले काढणारेही त्याच किनाऱ्यावरून आले. ही तुलना म्हणजे मामाच्या तोंडावर मामेभावाची थोरवी गाणे. त्याचप्रमाणे “दिवाळीला आम्ही तुमच्याच पाकिटाचे गुलाबजाम करतो” असे वेटरला कौतुकाने सांगू नये. पाकिटांचा धंदा २००७ मध्ये ऑर्क्ला या नॉर्वेच्या कंपनीने घेतला, हॉटेल मैया कुटुंबाकडेच राहिले. वेटरने मान डोलावली तर तो शिष्टाचार समजावा.

शेवटी कॉफी. ती चांदीच्या पेल्यात देतात. काकू पेला हातात घेऊन वजनाचा अंदाज बांधतील आणि आजचा भाव मोबाइलवर पाहतील. त्यांना अडवू नये, मात्र पर्सकडे लक्ष ठेवावे. केळी अजून आतच असतात. चहा मागायचा नाही. भाऊजींनी मागितलाच, तर ते आपल्यातले नाहीत असे दाखवावे. अनोळखी माणसांचे टेबल असल्याचा हा एकमेव फायदा.

बिलावरून झटापट होणार हे गृहीत धरावे. “मी देतो”, “छे हो, तुम्ही पाहुणे”, “मागच्या वेळी तुम्हीच दिलं होतंत” असे तीन फेरे होतात आणि बाहेर ताटकळणारे लोक आत डोकावून बघतात. जाणकार कुटुंबप्रमुख कॉफी येताच हात धुण्याच्या निमित्ताने उठतो आणि परस्पर पैसे देऊन येतो. अडचण एवढीच की ही युक्ती भाऊजींनाही ठाऊक असते, त्यामुळे कॉफी आली की हात धुवायला दोघेही एकदमच उठतात.